सनद आणि शिदोरी



शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षक एक वाक्य नेहमीं सांगत असतों : ‘मन लावून अभ्यास करा, म्हणजे कोणतेंही दार तुम्हांला बंद राहणार नाहीं.’ हें वाक्य हेतूनें चांगलें आहे; पण त्यांत सत्याचा एक भाग सांगावयाचा राहून जातो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दार उघडतें हें खरें. परंतु प्रतिष्ठित धंद्यांत दार उघडल्यानंतर पुष्कळ दिवस ओसरीवर बसून राहावें लागतें, आणि त्या दिवसांत पोटाला काय खावें हें कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत विचारलेलें नसतें. ज्याच्या घरीं शिदोरी असते तो बसून राहूं शकतो. ज्याच्या घरीं नसते तो, कितीही हुशार असला तरी, उठून जातो. मागाहून लोक पहिल्यास चिकाटीचा व दुसऱ्यास धरसोडीचा म्हणतात. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें ह्या लेखांत वकिलीच्या धंद्याचें उदाहरण घेऊन तपासावयाचें आहे.

वकिलीच निवडण्यास कारण आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास अखेरच्या वर्षीं रुग्णालयांत काम करतांना विद्यावेतन देण्याची तरतूद असते. सनदी हिशेबतपासनिसाच्या हाताखालीं उमेदवारी करणाऱ्यास निदान अमुक इतकी रक्कम मिळालीच पाहिजे, असा त्या धंद्याचा नियम आहे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं बसणाऱ्या नव्या पदवीधरास मात्र देशभर लागू असा सक्तीचा नियम आधार देत नाहीं. शिवाय न्यायाधीश हे बहुतेक वकिलांमधूनच निवडले जातात. म्हणून ह्या धंद्याच्या ओसरीवर कोण टिकतो, हा प्रश्न केवळ त्या तरुणाच्या पोटाचा राहत नाहीं, तो सर्व समाजाच्या न्यायाचा होतो.

प्रथम एक जुना दाखला घेऊं. हिंदुस्थानांतील मोठ्या मुलकी जागा पूर्वीं ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर आपल्या आप्तेष्टांना व आश्रितांना देत असत. १८५३ च्या कायद्यानें ही वशिल्याची पद्धति मोडली व १८५५ पासून त्या जागांसाठीं खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली. कागदावर पाहिलें तर हा केवढा मोठा सुधार! परंतु परीक्षा लंडन शहरांत होत असे. ज्या बापाजवळ मुलाला विलायतेस पाठविण्याचें व तेथें ठेवण्याचें द्रव्य होतें, त्याच्याच मुलाला ती खुली होती. पहिले हिंदी उमेदवार सत्येंद्रनाथ टागोर हे १८६३ सालीं निवडले गेले. त्यांच्या मागें कलकत्त्याचें नामांकित व धनवान् घराणें होतें. पुढें वयाची मर्यादाही एकोणीस वर्षांपर्यंत खालीं आणण्यांत आली, म्हणजे मुलाला कोंवळ्या वयांतच परदेशीं धाडणें भाग पडलें. हिंदुस्थानांत ही परीक्षा प्रथम १९२२ सालीं अलाहाबाद येथें झाली. खुल्या परीक्षेचें दार आपल्या देशांत येण्यास अशीं सदुसष्ट वर्षें लागलीं. बुद्धीची परीक्षा घेणारे लोक तिच्या आधीं नकळत तिजोरीचीही परीक्षा घेत असतात, हें ह्या इतिहासावरून दिसतें.

आतां वकिलीकडे वळूं. मुंबईचें उच्च न्यायालय १८६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या दोन शाखा होत्या. मुंबई शहरांतील मोठमोठ्या व्यापारी रकमांचे दावे ज्या शाखेंत चालत ती ओरिजिनल साइड, व जिल्ह्यांतून आलेलीं अपिलें जींत चालत ती अपेलेट साइड. जिल्ह्यांतून वर आलेले वकील दुसऱ्या शाखेंत काम करीत. पहिलींत दीर्घ काळ विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचें वर्चस्व होतें. बॅरिस्टर होण्यास लंडनच्या चार ‘इन्‌’पैकीं एकींत नांव घालावें लागे, तेथील भोजनास ठरलेल्या वेळां हजर राहून टर्म भराव्या लागत, आणि प्रवेशाची, परीक्षेची व सनदेची फी वेगळी भरावी लागे. इतकें करून पुन्हां एखाद्या अनुभवी बॅरिस्टराच्या हाताखालीं शिकावयाचें, तर शिष्यानेंच गुरूला पैसे द्यावयाचे! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वर्षाला शंभर गिन्या हा त्याचा रूढ दर होता. तेव्हां ह्या धंद्यांत गरिबाचा मुलगा विरळा दिसे, ह्यांत नवल नाहीं.

असे जे विरळा दिसले, त्यांपैकीं दोघांचीं चरित्रें आपल्या महाराष्ट्राशीं जोडलेलीं आहेत.

कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें एका ख्रिस्ती झालेल्या पारशी कुटुंबांत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांच्या परीक्षेंतील यशामुळें विलायतेंतील शिक्षणासाठीं सरकारी शिष्यवृत्ति त्यांना मिळावयास हवी होती. पण ती स्त्रीला देतां येत नाहीं असें ठरलें. कांहीं स्नेह्यांनीं व हितचिंतकांनीं वर्गणी जमविली, तेव्हां त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डला जाऊं शकल्या. तेथील कायद्याच्या उच्च परीक्षेस बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १८९२ सालीं परीक्षा झाली. परंतु स्त्रियांना पदवी देण्याची चाल त्या विद्यापीठांत नसल्यामुळें पदवी हातीं आली १९२२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं. हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा १९२३ सालीं झाला. मधल्या काळांत ह्या विदुषीनें, १९०४ पासून, बंगालमध्यें कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स खात्यांत पडदानशीन स्त्रियांना कायद्याचा सल्ला देण्याचें काम केलें. तें काम मोठें होतें. पण भर उमेदींत वकील म्हणून न्यायालयांत उभें राहण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाहीं, ही हानि कशानेंही भरून निघाली नाहीं.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेस गेले व तेथून १९१६ सालीं लंडनला आले. तेथें ‘ग्रेज इन्‌’मध्यें त्यांनीं नांव घातलें, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा साठविला, शाहू महाराजांची मदत व एका पारशी मित्राचें कर्ज घेतलें, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन ते परत आले व १९२३ सालीं त्यांनीं मुंबईस वकिली सुरू केली. त्या वेळीं त्यांच्याइतका शिकलेला मनुष्य न्यायालयाच्या आवारांत क्वचितच असेल. पण ओरिजिनल साइडचें काम सॉलिसिटरांच्या हातून येई, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील बॅरिस्टरास काम देण्यास ते राजी नसत. मग अपेलेट साइडवर व जिल्ह्याच्या न्यायालयांत मिळेल तें काम करावें आणि जोडीला हिशेबाच्या एका शिक्षणसंस्थेंत व्यापारी कायदा शिकवून घर चालवावें, असा त्यांचा क्रम कांहीं वर्षें चालला. पुढें १९३५ सालीं तेच मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाचे प्राचार्य झाले.

ह्या दोन्ही चरित्रांचा आपण सामान्यतः एकच धडा घेतों : पाहा, बुद्धि व जिद्द असली म्हणजे माणूस वर येतो. हा धडा अर्धवट आहे. दोघांच्याही बाबतींत बुद्धीचा निकाल परीक्षेनें केव्हांच दिलेला होता. अडथळा परीक्षेच्या अलीकडे व पलीकडे होता. अलीकडचा अडथळा एकीच्या बाबतींत वर्गणीनें, व दुसऱ्याच्या बाबतींत संस्थानिकांच्या मदतीनें व मित्राच्या कर्जानें दूर झाला. ज्यांना असे साहाय्यकर्ते भेटले नाहींत, त्यांचीं चरित्रें लिहिलीं गेलीं नाहींत. म्हणून ते किती होते हें आपण मोजूं शकत नाहीं, इतकेंच.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ पालटलें. १९६१ च्या वकिलांच्या कायद्यानें देशांत अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग मान्य केला. १९७६ च्या दुरुस्तीनें मुंबई व कलकत्ता येथील जुन्या दुहेरी पद्धतीचा कायद्यांतील अवशेषही गेला. आज समुद्र ओलांडावा लागत नाहीं, जात किंवा स्त्रीत्व आड आणतां येत नाहीं. मग ओसरी सर्वांना सारखी झाली काय? तीन पायऱ्या क्रमानें पाहूं.

पहिली पायरी प्रवेशाची. देशांतील बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठांत, ज्यांपैकीं तीन मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें आहेत, ‘क्लॅट’ नांवाच्या सामायिक परीक्षेनें प्रवेश मिळतो. ही परीक्षा २००८ सालीं सुरू झाली. ती इंग्रजींत होते, शहरांत तिच्यासाठीं महागड्या शिकवण्या चालतात, आणि प्रवेश मिळाल्यावर वर्षाची फी लाखांच्या घरांत जाते. मोठ्या कायदेसल्लागार कंपन्या नवे पदवीधर निवडण्यास मुख्यतः अशाच मोजक्या विद्यालयांकडे जातात. आपल्या राज्यांतील इतर विधि महाविद्यालयांसाठीं राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा असते व ती मराठींतूनही देतां येते, ही गोष्ट खेड्यांतील विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

दुसरी पायरी सनदेची. कायद्यानें नोंदणीची फी सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारास १२५ रुपये ठरविली होती. प्रत्यक्षांत निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिलांनीं तींत निरनिराळ्या नांवांनीं भर घातली व कांहीं ठिकाणीं ती वीस हजारांच्याही वर गेली. अद्याप एक रुपयाही न मिळविलेल्या पदवीधराकडून ही रक्कम मागितली जात होती. ३० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, कायद्यांत लिहिल्यापेक्षां अधिक फी घेतां येणार नाहीं. अशी फी दुर्बळ वर्गांतील तरुणांस धंद्याबाहेर ठेवते व समतेच्या तत्त्वास बाध आणते. पायरी मोठी नव्हती. पण तिच्यावर ठेंचाळणारे पुष्कळ होते, हें देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानें मान्य केलें.

तिसरी पायरी म्हणजे सनदेनंतरचीं पहिलीं वर्षें; हीच खरी ओसरी. येथें थोडें गणित करूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, दोन पदवीधर एकाच ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं मुंबईस बसले. दोघांची बुद्धि सारखी, गुण सारखे. वकीलसाहेब दोघांनाही महिना ६,००० रुपये देतात. पहिला आपल्या आईबापांच्या घरीं राहतो. त्याचे सहा हजार प्रवासास व पुस्तकांस पुरतात. दुसरा जत तालुक्यांतून आलेला. खोलीचें भाडें, खाणावळ, रेल्वेचा पास, काळा कोट व पुस्तकें मिळून त्यास महिना १८,००० रुपये लागतात. महिन्याची तूट १२,०००. छत्तीस महिन्यांची तूट ४,३२,००० रुपये. ही रक्कम शेतमजूर बापानें कोठून आणावी? आठव्या किंवा दहाव्या महिन्यांत तो मुलगा मिळेल ती नोकरी धरतो. तीन वर्षांनीं पहिल्याला ‘अनुभवी’ म्हणतात. तो अनुभवी झाला हें खरें. पण त्याच्या अनुभवाचें भाडें त्याच्या घरानें भरलें, हें कोणी सांगत नाहीं.

ह्यांत आणखी एक गोष्ट मिळवा. आपल्याकडे वकिलानें स्वतःची जाहिरात करूं नये असा धंद्याचा नियम आहे. नियम उदात्त आहे. धंद्याची प्रतिष्ठा राहावी हा त्याचा हेतु. पण ज्याचे काका सॉलिसिटर व वडील व्यापारी, त्याला जाहिरातीची गरजच नसते. लग्नकार्यांत व जेवणाच्या पंक्तींतच त्याचें नांव पसरतें. ज्याच्या घराण्यांत कोणी न्यायालयाची पायरी चढलेला नाहीं, त्यानें आपण ह्या जगांत आहों हें कोणास व कसें कळवावें? एकच नियम दोघांना लागू केला म्हणजे दोघांना सारखा लागतोच असें नाहीं.

२० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वीं तीन वर्षें वकिलीचा अनुभव असला पाहिजे, ही अट पुन्हां घातली. ही अट २००२ सालीं काढली गेली होती. ती परत आणण्याचें कारण योग्य आहे : ज्यानें न्यायालय आंतून पाहिलें नाहीं, त्यानें लोकांच्या मालमत्तेचा व स्वातंत्र्याचा निवाडा एकदम करूं लागावें हें बरें नव्हे. न्यायाधीशाच्या कचेरींत लॉ क्लार्क म्हणून केलेलें कामही ह्या अनुभवांत धरण्यांत आलें. पण परिणाम पाहा. गरीब घरच्या हुशार मुलीला पदवीनंतर लगेच परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याची जी वाट होती, ती आतां ह्या ओसरीवरून गेली. अट ठेवावयाची असेल, तर ओसरीवर बसणाऱ्याच्या जेवणाची व्यवस्थाही तिच्याबरोबरच झाली पाहिजे.

ह्यावर ज्येष्ठ वकिलांचें एक म्हणणें असतें, व तें ऐकून घेणें उचित आहे. ते म्हणतात : नवा पदवीधर पहिलें वर्ष दोन वर्षें कांहींच उपयोगाचा नसतो, त्याला आम्ही विद्या देतों, तीच त्याची मिळकत. आम्हीही असेच उपाशीं राहून शिकलों. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. विद्या देणें हें दानच आहे, आणि लहान गांवच्या पुष्कळ वकिलांची स्वतःची प्राप्तिही बेताचीच असते. परंतु जो मुलगा फायली वाहतो, तारखा घेतो, संध्याकाळीं मसुदे लिहितो, तो अगदींच निरुपयोगी कसा? आणि ‘आम्ही सोसलें’ हें म्हणणारे ते आहेत, जे सोसूं शकले. जे सोसूं शकले नाहींत, ते साक्ष द्यावयास त्या खोलींत नाहींत.

शिवाय रूढि बदलतां येते. ज्या इंग्लंडांत शिष्य गुरूला शंभर गिन्या देत असे, तेथेंच २००३ पासून शिकाऊ बॅरिस्टरास वर्षाला निदान दहा हजार पौंड दिलेच पाहिजेत असा नियम झाला. एवढ्यानें सर्व विषमता गेली असें नाहीं : २०१९ सालीं तेथें प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाप्रमाणें वरिष्ठ न्यायाधीशांपैकीं ६५ टक्के खाजगी शाळांत शिकलेले होते, आणि एकंदर लोकसंख्येंत अशांचें प्रमाण सुमारें ७ टक्के आहे. आज न्यायासनावर बसलेले लोक कित्येक वर्षांपूर्वीं ओसरीवर टिकलेले असतात. म्हणून आजच्या नियमाचें फळ दिसावयास एक पिढी लागते. आपल्या देशांतही प्रयत्न झाले आहेत. आंध्र प्रदेश सरकारनें २०१९ सालीं नव्या वकिलांस पहिलीं तीन वर्षें महिना ५,००० रुपये देण्याची योजना सुरू केली होती. बार कौन्सिल ऑफ इंडियानें ऑक्टोबर २०२४ मध्यें परिपत्रक काढून, शहरांत २०,००० व ग्रामीण भागांत १५,००० रुपये मासिक विद्यावेतन ज्येष्ठांनीं कनिष्ठांस द्यावें, अशी शिफारस केली. ती शिफारस होती, सक्ति नव्हे. तरी धंद्याच्या सर्वोच्च संस्थेनें ही गोष्ट मान्य केली हें लहान नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ सुरू झालें. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी त्यानें वांचली; आणि वरील उदाहरणांतील जतच्या मुलास उच्च न्यायालयाचें काम घराजवळ शिकण्याची सोयही झाली.

आतां तुम्हांला, विद्यार्थ्यांनो, कांहीं सांगून लेख पुरा करतों.

कोणत्याही धंद्याची निवड करतांना प्रवेशाची परीक्षा काय आहे एवढेंच विचारूं नका. पदवीनंतर पहिलीं तीन वर्षें माणूस कशावर जगतो, हेंही विचारा. तें गणित घरीं आईवडिलांसमवेत कागदावर मांडा. शिष्यवृत्त्यांची चौकशी प्रवेशाच्या दिवशीं न करतां दोन वर्षें आधींपासून करा. गरीब व ग्रामीण मुलांना विधि विद्यापीठांच्या परीक्षेसाठीं तयार करणाऱ्या संस्था आहेत, प्रा. शामनाद बशीर ह्यांनीं २०१० सालीं सुरू केलेली ‘इडिया’ ही त्यांपैकीं एक. उच्च न्यायालयाचें काम इंग्रजींत चालतें, म्हणून इंग्रजीची भीति शाळेंतच टाका. आणि तालुक्याच्या न्यायालयांत मराठी चालते, म्हणून मराठीस कमी लेखूं नका. ज्याला शेतकऱ्याची कैफियत नेमक्या मराठींत लिहितां येते, त्याची गरज गांवोगांवीं आहे, आणि तें काम हलकें नाहीं.

तुमच्यापैकीं एखाद्यास शिदोरी संपल्यामुळें ओसरीवरून उठावें लागलें, तर त्यानें आपण नालायक ठरलों असें मनांत आणूं नये. परीक्षेनें त्याची लायकी ठरविलेली आहे. पुढें जें कमी पडलें तें द्रव्य होतें, बुद्धि नव्हे. सनद हातांत आहे. घराची स्थिति सुधारल्यावर पुन्हां येतां येतें.

आणि ज्यांच्या घरीं शिदोरी आहे, अशा मुलांना अधिक आग्रहानें सांगणें आहे. तुम्ही टिकाल, तुमचें नांव होईल, एके दिवशीं तुमच्याच कचेरींत एखादा काळा कोट घातलेला परगांवचा मुलगा फायली घेऊन उभा राहील. त्या दिवशीं त्याला केवळ विद्या देऊन थांबूं नका. तो कोठें राहतो, दुपारीं काय जेवतो, हें विचारा. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याचे पैसे त्याच्या हातावर, त्यानें मागण्याच्या आधीं, ठेवा.